ज्याचा त्याचा आकडा

मधुमेह हा शब्द आतां आमच्या घरांतून नवा राहिलेला नाहीं. जेथें तीन पिढ्या एका छपराखालीं नांदतात अशा घरीं निदान एका तरी माणसाच्या चहांतून साखर गेलेली असते आणि दुसऱ्या एखाद्याच्या उशाशीं गोळ्यांची डबी आलेली असते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्यानें झालेल्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ सालीं प्रसिद्ध झाले. त्यांवरून आपल्या देशांत मधुमेह असलेल्या माणसांची संख्या १० कोटींच्या वर आहे असें दिसतें. तेव्हां हा विषय दुसऱ्याच्या घरचा म्हणून बाजूस सारतां येण्याजोगा नाहीं.

या दुखण्याविषयीं घराघरांतून जें बोलणें चालतें त्यांत मात्र एक चमत्कारिक गोष्ट आढळते. सकाळीं फिरावयास निघालेले दोन वृद्ध गृहस्थ भेटले कीं, प्रकृतीची विचारपूस 'कसें आहे?' अशी न होतां 'किती आहे?' अशी होते. शाळेंतल्या मुलांनीं परीक्षेचे गुण ताडून पाहावे तसे रक्तांतील साखरेचे आकडे ताडून पाहिले जातात. ज्याचा आकडा लहान तो पथ्याचा पक्का, ज्याचा मोठा तो जिभेचा गुलाम, असा निकालही तेथल्या तेथें लागतो. घरीं परतल्यावर सुनेला सांगण्यांत येतें कीं, अमक्यांची साखर शंभराच्या आंत आहे, आपलीही तेवढी आलीच पाहिजे. मग रात्रीच्या पानांतली एक पोळी कमी होते. किंवा, त्याहून वाईट म्हणजे, डॉक्टरांस न विचारतां अर्धी गोळी वाढते.

रक्तांत साखर किती असावी हा प्रश्न असा 'किती' या एका शब्दानें सुटत नाहीं. 'कोणाच्या रक्तांत?' हें त्याच्या आधीं विचारावें लागतें. त्या माणसाचें वय काय, दुखणें किती वर्षांचें, औषध कोणतें, हृदय व मूत्रपिंडें कशीं आहेत, तो एकटा राहतो कीं चार माणसांत, या सर्वांच्या उत्तरांतून त्याचा स्वतःचा आकडा निघतो. तो ठरवावयाचा कसा, आणि ठरल्यावर घरानें तो सांभाळावयाचा कसा, याचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे.

तीन मापें

प्रथम हे आकडे कशाचे तें समजून घेऊं. मधुमेह्याच्या घरीं तीन प्रकारचे आकडे येतात व त्यांची पुष्कळदां गल्लत होते. पहिला उपाशीपोटींचा, म्हणजे रात्रभर कांहीं न खातां सकाळीं घेतलेल्या रक्ताचा. दुसरा, जेवणास आरंभ केल्यापासून दोन तासांनीं घेतलेल्या रक्ताचा. १०० मिलिलिटर रक्तांत किती मिलिग्रॅम साखर आहे तें हे दोन्ही आकडे सांगतात, आणि ते त्या घटकेपुरते खरे असतात. तिसरा आकडा 'एचबीएवनसी' या परीक्षेचा. तो टक्क्यांत सांगतात. रक्ताच्या तांबड्या पेशींत हिमोग्लोबिन नांवाचें द्रव्य असतें. रक्तांत फिरणारी साखर त्याला हळूहळू चिकटत जाते; साखर जितकी अधिक तितका हा चिकटलेला भाग अधिक. तांबड्या पेशीचें आयुष्य सुमारें १२० दिवसांचें असल्यामुळें या परीक्षेवरून मागील दोनतीन महिन्यांची सरासरी कळते. ७ टक्के म्हणजे सरासरी सुमारें १५४ मिलिग्रॅम, ८ टक्के म्हणजे सुमारें १८३ आणि ९ टक्के म्हणजे सुमारें २१२, असा हा हिशेब बसतो.

पहिले दोन आकडे दुकानदाराच्या त्या दिवसाच्या गल्ल्यासारखे आहेत. तिसरा तिमाहीच्या ताळेबंदासारखा. एके दिवशीं गल्ला भरला म्हणून धंदा चालला असें होत नाहीं. उलट, ताळेबंद जुळला तरी मधल्या काळांत दोनदां दिवाळें निघतां निघतां राहिलें असेल, तर तें त्यांत दिसत नाहीं. ज्याची साखर एकदां ३०० वर चढते आणि एकदां ५० पर्यंत उतरते त्याचीही सरासरी देखणी येऊं शकते.

अमेरिकन डायबेटिस असोसिएशन या संस्थेच्या मार्गदर्शनांत बहुतेक प्रौढ रुग्णांसाठीं एचबीएवनसी ७ टक्क्यांहून कमी, जेवणापूर्वींची साखर ८० ते १३० आणि जेवणानंतरची १८० हून कमी, असे आकडे दिलेले आहेत. ते जगभर वापरले जातात व आपल्याकडील डॉक्टरही पुष्कळदां तेथूनच आरंभ करतात. परंतु हे आकडे ज्याच्या त्याच्या मानानें अधिक कडक अथवा अधिक सैल करावे, असेंही त्याच मार्गदर्शनांत सांगितलेलें आहे. लोक पहिलें वाक्य वाचतात. दुसरें वाचावयाचें राहून जातें.

हे आकडे आले कोठून?

मधुमेह आपल्या वैद्यांस फार जुना. रुग्णाच्या मूत्राकडे मुंग्या धांवतात हें लक्षण आयुर्वेदाच्या प्राचीन ग्रंथांत नोंदलेलें आहे. पण मुंग्या किती आल्या यावरून औषधाची मात्रा ठरवितां येत नाहीं. विसाव्या शतकाच्या आरंभीं स्टॅन्ली बेनेडिक्ट या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञानें एक निळें द्रावण सिद्ध केलें. त्यांत मूत्राचे थेंब टाकून तें उकळावयाचें. साखर असेल त्या मानानें रंग हिरवा, पिवळा, नारिंगी आणि शेवटीं विटेसारखा होई. कित्येक घरांतील जुन्या मंडळींना ही परखनळी व स्पिरिटचा दिवा अजून आठवत असेल. या परीक्षेंत एक मोठी उणीव होती. रक्तांतील साखर साधारणतः १८० च्या पलीकडे गेल्याखेरीज मूत्रांत उतरतच नाहीं. त्यामुळें साखर फार चढली एवढेंच ती सांगे. साखर धोक्याइतकी उतरली हें तिला कळत नसे.

१९२१ सालीं कॅनडांतील टोरोंटो येथें इन्सुलिनचा शोध लागला आणि १९२२ च्या जानेवारींत लेनर्ड थॉम्प्सन या चौदा वर्षांच्या मुलास तें प्रथम टोंचण्यांत आलें. तोंपर्यंत या जातीच्या मधुमेहानें ग्रासलेल्या मुलांपुढें प्रश्न होता तो जगण्याचा. इन्सुलिनमुळें रुग्ण जगूं लागले, आणि मगच 'साखर किती ठेवावी?' हा प्रश्न उत्पन्न झाला. बोस्टनचे डॉक्टर इलियट जॉस्लिन यांचें म्हणणें असें कीं, ती शक्य तितकी निरोगी माणसासारखी ठेवावी. न्यूयॉर्कचे डॉक्टर एडवर्ड टॉल्स्टॉय १९४० च्या सुमारास याच्या उलट प्रतिपादन करीत होते. रुग्णाला त्रास नसेल, त्याचें वजन घटत नसेल, तर मूत्रांत साखर दिसली तरी चिंतेचें कारण नाहीं, असा त्यांचा पक्ष होता. दोघांपाशीं रुग्णांचा अनुभव भरपूर होता. निर्णायक पुरावा कोणापाशींच नव्हता. हा वाद पुढें कित्येक दशकें चालला.

त्याचा निकाल १९९३ सालीं लागला. अमेरिका व कॅनडा या देशांत १९८३ पासून १,४४१ रुग्णांवर एक दीर्घ प्रयोग चालू होता. हे सर्व रुग्ण इन्सुलिनवांचून ज्यांचें चालत नाहीं अशा, म्हणजे पहिल्या प्रकारच्या मधुमेहाचे होते. त्यांतील निम्म्यांची सरासरी ७ टक्क्यांच्या आसपास ठेवली गेली, उरलेल्यांची ९ च्या आसपास राहिली. ज्यांच्या डोळ्यांत आरंभीं बिघाड नव्हता त्यांच्यापैकीं कडक नियंत्रणाच्या गटांत तो होण्याचें प्रमाण ७६ टक्क्यांनीं घटलें. मूत्रपिंडांस व मज्जातंतूंसही मोठें संरक्षण मिळालें. जॉस्लिन यांचा पक्ष खरा ठरला. पण त्याच गटांत साखर अतिशय उतरून दुसऱ्याच्या मदतीची गरज पडण्याचे प्रसंग सुमारें तिप्पट झाले. लाभाबरोबर ही किंमतही त्याच वेळीं नोंदली गेली.

प्रौढपणीं होणारा जो दुसऱ्या प्रकारचा मधुमेह, जो आपल्या घरांतून बहुधा आढळतो, त्याविषयीं ब्रिटनमधील मोठ्या प्रयोगाचे निष्कर्ष १९९८ सालीं बाहेर आले. दुखणें नुकतेंच कळलेल्या रुग्णांत सरासरी ७.९ ऐवजीं ७ टक्के राखल्यानें डोळे, मूत्रपिंडें इत्यादिकांच्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांचे विकार २५ टक्क्यांनीं कमी झाले. याहून लक्षणीय गोष्ट २००८ सालीं कळली. प्रयोग संपल्यावर वर्षभरांत दोन्ही गटांची साखर सारखी झाली होती. तरीही ज्यांनीं आरंभीं ती नीट राखली होती त्यांना पुढील दहा वर्षांत हृदयविकाराचे झटके कमी आले व त्यांच्यांतील मृत्यूही कमी झाले. पहिल्या वर्षांतली दक्षता ही ठेवीप्रमाणें असते. तिचें व्याज पुढें मिळत राहतें.

७ चांगले, तर ६ अधिक चांगले काय? हाच प्रश्न अमेरिका व कॅनडांतील दुसऱ्या एका प्रयोगांत १०,२५१ रुग्णांवर पाहण्यांत आला. हे रुग्ण सरासरी ६२ वर्षांचे, बरींच वर्षें मधुमेह असलेले आणि हृदयविकार झालेले अथवा होण्याचा संभव अधिक असलेले होते. निम्म्यांचा आकडा ६ च्या खालीं आणण्याचा प्रयत्न झाला. उरलेल्यांचा ७ ते ७.९ ठेवला गेला. २००८ च्या फेब्रुवारींत कडक नियंत्रण मध्येंच थांबवावें लागलें, कारण त्या गटांत २५७ मृत्यु झाले होते आणि दुसऱ्या गटांत २०३. याच्या कारणांविषयीं तज्ज्ञांत एकवाक्यता झालेली नाहीं. त्याच वर्षीं प्रसिद्ध झालेल्या आणखी एका मोठ्या प्रयोगांत साडेसहाच्या आसपास आकडा राखूनही मृत्यु वाढले नव्हते. तथापि एक गोष्ट मान्य झाली: वय झालेल्या, जुन्या रुग्णाची साखर औषधांच्या माऱ्यानें निरोगी तरुणाइतकी खालीं ओढणें हें हिताचें असतेंच असें नाहीं. सर्वांस एकच आकडा लावण्याचा काळ तेथून मागें पडूं लागला.

एक घर, तीन आकडे

हें तत्त्व प्रत्यक्षांत कसें उतरतें तें पाहण्यासाठीं एक घर कल्पूं. घरांतील कर्ता मुलगा बेचाळीस वर्षांचा. त्याला गेल्याच वर्षीं मधुमेह असल्याचें कळलें. वडील अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. त्यांचें दुखणें वीस वर्षांचें, मूत्रपिंडें थोडीं दुबळीं, एकदां हृदयविकाराचा झटका येऊन गेलेला, रोज इन्सुलिन चालू. आणि धाकटी बहीण पहिल्या बाळंतपणासाठीं माहेरीं आलेली. तिला गरोदरपणांतच मधुमेह उद्भवलेला. तिघांचा स्वयंपाक एका चुलीवर होतो आणि तिघांची साखर एकाच यंत्रावर मोजली जाते.

कर्त्या मुलापुढें आयुष्याचीं अजून तीसचाळीस वर्षें आहेत. साखरेनें होणारा अपाय वर्षानुवर्षें सांचत जातो. म्हणून त्याला अपायाचा धोका अधिक आणि दक्षतेचा लाभही अधिक. तो घेतो त्या मेटफॉर्मिनसारख्या गोळीनें एकटीनें साखर धोक्याइतकी सहसा उतरत नाहीं. तेव्हां त्याचे डॉक्टर त्याला ७ च्या खालीं, प्रसंगीं साडेसहापर्यंतही जावयास सांगतील. त्याचा खरा शत्रु म्हणजे 'मला कांहीं होत नाहीं' ही समजूत. आपण सडपातळ आहों म्हणून निर्धास्त राहणाऱ्यांनीं पुण्याचे डॉक्टर चित्तरंजन याज्ञिक यांचें उदाहरण लक्षांत घ्यावें. त्यांनीं व ब्रिटनचे डॉक्टर जॉन युडकिन यांनीं २००४ सालीं स्वतःचींच मापें प्रसिद्ध केलीं. उंचीच्या मानानें दोघांचें वजन अगदीं सारखें. पण शरीरांतील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के तर याज्ञिक यांची २१.२ टक्के निघाली. आमची चरबी दिसत नाहीं, पण असते.

वडिलांचा हिशेब निराळा आहे. कडक नियंत्रणाचा लाभ उधारीचा असतो, तो पुष्कळ वर्षांनीं पदरांत पडतो; घसरलेल्या साखरेचा तोटा मात्र रोखीचा असतो. पहाटे साखर उतरून तोल गेला, खुब्याचें हाड मोडलें, कीं पुढचें आयुष्य अंथरुणावर जातें. दुबळ्या हृदयासही अशी घसरण सोसत नाहीं. मूत्रपिंडें थकलेलीं असलीं कीं इन्सुलिन शरीरांत अधिक काळ रेंगाळतें. अशा वृद्धांसाठीं एचबीएवनसी ८ च्या खालीं आणि सकाळची साखर ९० ते १५० एवढी पुरेशी मानतात. ज्यांचें दुखणें याहूनही पुढें गेलेलें आहे त्यांच्या बाबतींत तर सरासरीच्या मागें न लागतां साखर घसरूं न देणें, आणि वारंवार तहान, वारंवार लघवी, थकवा हीं चढलेल्या साखरेचीं लक्षणें होऊं न देणें, एवढेंच पाहावयाचें असतें. हा वृद्धाविषयीं बेफिकीरपणा नव्हे. ही त्याच्या वयाची बूज आहे. उलट, सत्तरी उलटलेला एखादा गृहस्थ निरोगी, चालता फिरता आणि सौम्य औषधावर असेल, तर त्यानें केवळ वयाच्या नांवावर आकडा सैल करण्याचें कारण नाहीं.

लेकीचा आकडा तिघांत सर्वांत कडक. उपाशीपोटीं ९५ च्या खालीं, जेवणानंतर एका तासानें १४० च्या खालीं किंवा दोन तासांनीं १२० च्या खालीं, अशी तिची मर्यादा. आईच्या रक्तांतील जादा साखर वारेंतून बाळाकडे जाते, पण आईचें इन्सुलिन जात नाहीं. मग बाळ स्वतःचें इन्सुलिन अधिक तयार करतें, प्रमाणाबाहेर वाढतें, प्रसूति अवघड होते आणि जन्मल्याबरोबर त्याची साखर एकाएकीं उतरण्याची भीति असते. येथें प्रश्न वर्षांचा नसून आठवड्यांचा असतो. म्हणून वाट पाहण्यास सवड नसते. प्रसूतीनंतर ही साखर बहुधा मूळ पदावर येते. तरी ४ ते १२ आठवड्यांत पुन्हा परीक्षा करवून घ्यावी व पुढेंही ठराविक काळानें ती चालू ठेवावी, कारण अशा स्त्रियांना पुढील आयुष्यांत मधुमेह होण्याचा संभव अधिक असतो.

आतां एके दिवशीं सकाळीं उपाशीपोटीं तिघांच्याही रक्तांत १२५ हा एकच आकडा आला असें समजा. कर्त्या मुलानें तो पाहून कामावर निघावें. वडिलांनीं समाधानानें चहा घ्यावा. लेकीनें मात्र त्याच दिवशीं डॉक्टरांस कळवावें. आणि रात्रीं निजतांना मुलाच्या व वडिलांच्या रक्तांत ८५ हा आकडा आला, तर मुलानें खुशाल निजावें. इन्सुलिन घेणाऱ्या वडिलांना मात्र तसें निजूं देऊं नये. अशा वेळीं काय खावयास द्यावें व मात्रेंत काय फरक करावा हें त्यांच्या डॉक्टरांकडून आधींच विचारून ठेवावें. आकडा तोच, अर्थ मात्र माणसागणिक निराळा.

आकडाही फसवतो

एवढा भरंवसा ज्या आकड्यावर ठेवावयाचा तो खरा आहे ना, हेंही पाहावें लागतें. घरगुती यंत्राचें मान असें ठरलेलें आहे कीं, १०० वा त्याहून अधिक साखर असतां शंभरांतील ९५ वेळां त्याचा आकडा प्रयोगशाळेच्या आकड्यापासून १५ टक्क्यांपेक्षां अधिक दूर जाऊं नये. म्हणजे खरी साखर १४० असतां यंत्रानें ११९ दाखविली काय किंवा १६१ दाखविली काय, यंत्र बिघडलें असें म्हणतां येत नाहीं. काल १३४, आज १४१, म्हणून घरांत चौकशी बसविण्यांत अर्थ नाहीं. आठवड्याचा एकंदर कल पाहावा. आंबा कापून किंवा लाडू वळून झाल्यावर हात न धुतां बोटास सुई टोंचली, तर यंत्र मोजतें ती बोटावरची साखर. हात साबणानें धुऊन कोरडे करावे, आणि पट्ट्यांची मुदत पाहून घ्यावी.

एचबीएवनसीही निर्दोष नाहीं. लोहाच्या कमतरतेनें पंडुरोग झालेला असेल तर तो आकडा खऱ्यापेक्षां अधिक येऊं शकतो, आणि आमच्या स्त्रियांत हा विकार किती आहे हें सांगावयास नको. रक्तस्राव झाला असेल, रक्त दिलें गेलें असेल, किंवा तांबड्या पेशी लवकर नष्ट होण्याचा विकार असेल, तर तोच आकडा खऱ्यापेक्षां कमी येतो. गरोदरपणांतही त्यावर विसंबतां येत नाहीं. सरासरी आणि रोजचे आकडे यांचा मेळ बसेनासा झाला कीं डॉक्टरांस तसें सांगावें.

अलीकडे दंडावर चिकटवून दिवसरात्र साखर नोंदणारें यंत्रही मिळतें. त्यामुळें सरासरीपेक्षां निराळें एक माप हातीं आलें आहे: दिवसाच्या २४ तासांपैकीं किती वेळ साखर ७० ते १८० च्या दरम्यान राहिली. बहुतेक प्रौढांना हें प्रमाण ७० टक्क्यांहून अधिक, म्हणजे सुमारें १७ तास असावें असें २०१९ सालीं आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनीं ठरविलें. वृद्ध व दुबळ्या रुग्णांसाठीं त्यांनीं ५० टक्क्यांहून अधिक एवढेंच पुरे मानलें. पण ७० च्या खालीं त्यांची साखर एक टक्का वेळही, म्हणजे दिवसाकाठीं पाव तासही, राहूं नये असा दंडक घातला. वृद्धासाठीं कोणती बाजू अधिक जपावयाची, हें या एका नियमावरून स्पष्ट होतें.

साखर उतरते तेव्हां

चढलेल्या साखरेची भीति सर्वांस असते. उतरलेल्या साखरेची ओळख फारच थोड्यांस असते. ७० च्या खालीं आलेली साखर ही सूचना समजावी, ५४ च्या खालीं आलेली संकट समजावें. घाम सुटणें, हात कांपणें, छातींत धडधडणें, कडाडून भूक लागणें हीं नेहमींचीं लक्षणें. वृद्धांत मात्र असंबद्ध बोलणें, एकाएकीं चिडणें, झोंक जाणें एवढेंच दिसतें, आणि घरचे लोक 'वय झालें' म्हणून सोडून देतात. रक्तदाबासाठीं व हृदयासाठीं दिल्या जाणाऱ्या कांहीं गोळ्या धडधड व कंप दाबून टाकतात. घाम मात्र येतो.

अशा वेळीं माणूस शुद्धीवर असेल तर तीन चहाचे चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यांत विरघळून द्यावें, पंधरा मिनिटांनीं पुन्हा मोजावें, आणि साखर वर आली नसेल तर तेंच पुन्हा करावें. अकार्बोज अथवा व्होग्लिबोज हीं औषधें चालू असतील तर साधी साखर लवकर लागू पडत नाहीं. तेथें ग्लुकोजच हवें, म्हणून त्याचा डबा घरांत असूं द्यावा. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडांत कांहींही घालूं नये. तें श्वासनलिकेंत जाण्याचा धोका असतो. विलंब न लावतां रुग्णालय गांठावें. असा प्रसंग एकदां जरी घडला तरी ठरलेला आकडा व औषध यांचा डॉक्टरांकडून फेरविचार करवून घेतलाच पाहिजे.

घराचें काम

आकडा ठरवावयाचा तो रुग्णानें व त्याच्या डॉक्टरांनीं. पण एकत्र कुटुंबांत तो पाळला जातो किंवा मोडला जातो तो स्वयंपाकघरांत. डॉक्टरांकडे जातांना चार प्रश्न लिहून न्यावे. माझा उपाशीपोटींचा, जेवणानंतरचा व सरासरीचा आकडा कोणता असावा? तो माझ्यासाठीं असा कां? माझ्या औषधानें साखर फार उतरण्याचा संभव आहे काय? आणि किती चढली अथवा उतरली असतां मीं तुम्हांस कळवावें? उत्तरें घरांतील निदान आणखी एका माणसानें ऐकावीं. तें माणूस शक्यतों स्वयंपाकघर पाहणारें असावें.

उपवासांचा प्रश्न येथें येतोच. 'एकादशी आणि दुप्पट खाशी' ही म्हण मधुमेह्यास अक्षरशः लागू पडते. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. त्याची खिचडी, वर बटाटा, वर रताळें, अशा फराळानें दोन तासांत साखर आकाशास भिडते. दुसऱ्या टोंकाला निर्जळी उपवास करणारा, पण गोळी अथवा इन्सुलिन नेहमींच्याच मात्रेंत घेणारा श्रद्धाळू वृद्ध असतो. त्याची साखर दुपारच्या आंत घसरते. उपवास करावयाचाच असेल तर त्या दिवशींच्या मात्रेची आगाऊ चौकशी करावी. आजाऱ्यानें उपवास केलाच पाहिजे असा आपल्या धर्माचाही आग्रह नाहीं.

आणखी एक गोष्ट. वडिलांचा आकडा सैल ठेवला म्हणून मुलानें त्यांच्या पंक्तीला बसून श्रीखंडाची दुसरी वाटी मागूं नये. आणि लेकीचा आकडा कडक म्हणून आजीबाईंनीं तिला 'डोहाळे मोडूं नयेत' असें म्हणत चोरून पेढा देऊं नये. त्याचप्रमाणें वडिलांच्या ताटाभोंवतीं सर्वांनीं पहारा बसवून त्यांना चोरून खावयास लावूं नये. जो माणूस घरच्यांपासून लपवून खातो तो डॉक्टरांपासूनही लपवितो. मग त्याच्या औषधाची मात्रा चुकीच्या माहितीवर ठरते. आकडा विचारतांना आवाजांत दटावणी नसली कीं खरा आकडा कळतो, आणि खरा आकडा कळला तरच उपाय होतो.

शेवटीं, ठरलेला आकडा हा जन्माचा नव्हे. वय वाढतें, औषध बदलतें, मूत्रपिंडें थकतात, लेक प्रसूत होऊन सासरीं जाते. कर्त्या मुलास आज जो आकडा योग्य तो त्याच्या सत्तरींत योग्य राहणार नाहीं. म्हणून घरांतील प्रत्येक मधुमेह्याचा आकडा तारखेसह एका कागदावर लिहून औषधांच्या कपाटाच्या दाराला आंतून लावावा, आणि निदान वर्षांतून एकदां तो डॉक्टरांस दाखवून ताजा करून घ्यावा. दर पाडव्याला आपण जुनें पंचांग बाजूस ठेवून नवें घेतों. त्याच दिवशीं हा कागदही काढून पाहण्याची रीत घराघरांत पडली तर फार बरें होईल.